बिऱ्हाडे वाढली, वाडा तेवढाच

दिल्लीत कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो : नेहरू प्लेसला जा, रॅम वाढवून घे. दिल्ली विकास प्राधिकरणाने दक्षिण दिल्लीत उभारलेले हे व्यापारी केंद्र आज कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची देशातली नामांकित बाजारपेठ आहे. मेट्रोच्या व्हायोलेट लाइनने तिथे पोहोचावे, चौकातल्या गर्दीतून वाट काढत एखाद्या गाळ्यात शिरावे, तर दुकानदार किंमत सांगण्याआधी मशीन कोणते आहे ते विचारतो. कारण डीडीआर-थ्रीची पट्टी डीडीआर-फोरच्या जागेत बसत नाही. एकीच्या कडेला २४० सोनेरी टोके असतात, दुसरीच्या कडेला २८८, आणि मधली खाच दोन्हींत वेगवेगळ्या ठिकाणी. योग्य पट्टी बसवून दाबली, कडेचे चाप 'टक्' करून मिटले, की मशीन तरतरीत होते.

मग काही महिन्यांनी ते पुन्हा रखडते.

शाहदरा, नारायणा, ओखला या भागांत छपाई आणि डीटीपीची कामे दाटीवाटीने चालतात. तिथे पुस्तकाची पाने लावणाऱ्या ऑपरेटरला हा फेरा चांगला ठाऊक असतो. रॅम दुप्पट केली तरी कामाची फाइल तेवढीच असते, पाने तेवढीच असतात, आणि तरीही टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आकडा चढत जातो. या आकड्याचा मोठा भाग मूळ सॉफ्टवेअरपेक्षा त्याला जोडलेल्या प्लगइनांचा असू शकतो. प्लगइन म्हणजे आयत्या प्रोग्रामला नवी कामे शिकवणारा जोडभाग. हे जोडभाग कुठे राहतात, केव्हा जागे होतात आणि काम संपल्यावर आपला पसारा आवरतात का, यावर तो आकडा ठरतो.

छोटे मूळ, सभोवती जोडभाग

यमुनेपलीकडे नोएडात अडोबी कंपनीचे मोठे संशोधन-विकास केंद्र गेल्या शतकाच्या अखेरीपासून आहे. पुस्तके, मासिके आणि वर्तमानपत्रांची पाने लावण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या इनडिझाइनच्या घडणीत नोएडातल्या इंजिनिअरांचा मोठा वाटा आहे. प्लगइनांच्या हिशोबाचा अभ्यास करायचा, तर याच्याइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण.

इनडिझाइनच्या आधी पेजमेकर होता. सिएटलच्या आल्डस कंपनीने तो १९८५मध्ये मॅकिंटॉशसाठी आणला आणि डीटीपी नावाचा व्यवसायच त्यामुळे उभा राहिला. भारतातल्या छापखान्यांतली खिळ्यांची जुळणी हळूहळू हटली, त्यात पेजमेकरचा हात फार मोठा होता. पण वर्षानुवर्षे एकावर एक सोयी चढवल्यामुळे त्याचा कोड गुंतत गेला. एका जागी हात लावावा, तर भलत्याच जागी काहीतरी बिघडावे, अशी गत झाली. १९९४मध्ये अडोबीने आल्डस विकत घेतली. तोवर आल्डसच्या लोकांनी पेजमेकरच्या वारसाची पायाभरणी सुरू केली होती. तो वारस १९९९मध्ये इनडिझाइन म्हणून बाजारात आला, आणि २००१च्या ७.० आवृत्तीनंतर पेजमेकरचा प्रवास थांबला.

इनडिझाइनची मांडणी त्या काळात धाडसी होती. मधोमध एक लहानसा गाभा, आणि बाकी जवळपास सारे काही प्लगइन. मजकुराची चौकट, तक्ते, रंग, शुद्धलेखन तपासणी, पीडीएफ काढणे, ही सगळी कामे वेगवेगळ्या प्लगइनांकडे. अडोबीचे स्वतःचे इंजिनिअर ज्या दारातून आत येतात, जवळपास त्याच दारातून बाहेरच्या कंपनीचा प्रोग्रामरही येऊ शकतो. परिच्छेदातल्या ओळी कुठे तोडायच्या हे ठरवणारा भागसुद्धा बदलता येईल, इतकी ही मोकळीक आहे.

त्या मोकळिकीची किंमत मेमरीत मोजावी लागते. प्रत्येक प्लगइनला आपली ओळख गाभ्याला सांगावी लागते : मी कोणते काम करतो, मला कोणती माहिती लागते, दस्तऐवजात मी काय साठवतो. या ओळखींची नोंदवही मेमरीत राहते. एक भाग दुसऱ्याला थेट हाक मारत नाही, ठरलेल्या मधल्या जोडणीतून बोलतो, आणि त्या जोडणीलाही जागा लागते. एकसंध बांधलेल्या प्रोग्रामला यातले फारसे काही लागत नाही.

देवनागरीने वापरलेले दार

मराठी वाचकाने या मोकळिकीची कदर करावी असे एक ठोस कारण आहे. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट या दिल्लीतल्या दोन्ही राष्ट्रीय संस्था मराठीतही पुस्तके काढतात. अशा पुस्तकांच्या पानावर देवनागरी नीट बसवणे हे काम दिसते तितके सोपे नाही.

युनिकोडमध्ये 'कि' लिहिताना आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते, पण कागदावर वेलांटी क च्या आधी दिसायला हवी. 'अर्क' मधला र साठवताना क च्या आधी असतो आणि छापताना रफार होऊन क च्या डोक्यावर चढतो. 'क्ष' मध्ये क, हलन्त आणि ष अशा तीन नोंदींचे मिळून एकच रूप होते. ही उलटापालट करण्यासाठी प्रोग्रामला फाँटमधल्या नियमांचे तक्ते वाचावे लागतात, आणि प्रत्येक ओळीसाठी कोणत्या नोंदीतून कोणते रूप निघाले हे लक्षात ठेवावे लागते, नाहीतर कर्सर भलत्याच जागी जातो.

पेजमेकरच्या काळात यावर एक पळवाट होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम वापरून देवनागरीची सुटी रूपे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली जात. प्रोग्रामच्या दृष्टीने तो इंग्रजीच मजकूर असे. मेमरीवर भार जवळजवळ शून्य, वेगही उत्तम. पण तो मजकूर शोधता येत नसे, फाँट बदलला की अक्षरांचा चिवडा होई, आणि इंटरनेटवरून आलेला युनिकोड मजकूर त्यात ओतता येत नसे.

इनडिझाइनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरीची नीट सोय नव्हती. ती उणीव बाहेरच्यांनी भरली. गुरुग्रामच्या मेटाडिझाइन सोल्युशन्सने इंडिकप्लस नावाचे प्लगइन काढले, आणि भारतीय लिप्या इनडिझाइनमध्ये युनिकोडने लावता येऊ लागल्या. अडोबीने स्वतः ही सोय दिली ती २०१२च्या सीएस-सिक्स आवृत्तीत. हिंदी आणि मराठी धरून दहा भारतीय भाषा त्यात आल्या, शब्द तोडण्याचे नियम आणि शुद्धलेखनाचे कोशही आले. तेव्हाही ऑपरेटरला आधी 'इंडिक प्रेफरन्सेस' ही छोटी स्क्रिप्ट चालवून ही यंत्रणा सुरू करावी लागे. म्हणजे ज्याला ती हवी, त्याच्याच मशीनवर तिचा भार पडे.

प्लगइनचे दार नसते, तर देवनागरीला मूळ कंपनीच्या मर्जीची वाट पाहत बसावे लागले असते. त्यापुढे काही मेगाबाइटचा खर्च स्वस्तच म्हणायचा.

वाड्यातले बिऱ्हाड की स्वतंत्र घर

जोडभागाला राहायला जागा द्यायच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली पुण्याच्या जुन्या वाड्यासारखी : एकच चौक, एकच विहीर, एकच जिना आणि खोल्याखोल्यांतून बिऱ्हाडे. जागा कमी लागते, शेजाऱ्याशी बोलायला हाक पुरते. पण एका बिऱ्हाडात आग लागली की सारा वाडा धोक्यात. दुसरी रीत स्वतंत्र घरांची : प्रत्येकाचे स्वयंपाकघर वेगळे, नळ वेगळा, भिंत वेगळी. सुरक्षितता मोठी, आणि जागेचा खर्चही.

फोटोशॉप पहिल्या रीतीने चालते. १९९०मध्ये ते बाजारात आले तेव्हाच त्याचे सहनिर्माते जॉन नॉल यांनी लिहिलेले कित्येक फिल्टर प्लगइन म्हणून त्यासोबत होते. प्लगइन फोटोशॉपच्याच प्रोसेसमध्ये, त्याच्याच मेमरीत काम करते. याचा फायदा आकड्यांतच पाहावा. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयला म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके, एकूण ८६,९९,८४० ठिपके. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर एकाच थराचे चित्र सुमारे ३५ एमबीचे होते. दहा थर असतील तर साडेतीनशे एमबी. असे चित्र प्लगइनला द्यायचे तर आहे त्याच जागी दाखवता येते, नक्कल काढावी लागत नाही.

तोटा असा की प्लगइन कोसळले तर फोटोशॉपही कोसळते आणि न जपलेले काम जाते. शिवाय प्लगइन स्वतःसाठी जी मेमरी घेते, ती फोटोशॉपच्या हिशोबात धरलेली नसते. सेटिंगमध्ये फोटोशॉप स्वतःकडे उपलब्ध रॅमच्या ७० टक्के घेते ते यासाठीच. उरलेली जागा विंडोजला, इतर प्रोग्रामांना आणि प्लगइनांना लागते. वेग वाढेल म्हणून तो आकडा १०० वर नेणारा ऑपरेटर प्लगइनांच्या तोंडचा घास काढून घेतो, आणि फिल्टर चालवताना मेमरी अपुरी असल्याची सूचना त्याच्या समोर येते.

गिंप हे मुक्त सॉफ्टवेअर दुसऱ्या रीतीने जाते. १९९५मध्ये बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी ते सुरू केले. त्यातले प्रत्येक प्लगइन वेगळी प्रोसेस म्हणून चालते. ते कोसळले तर गिंप उभेच राहते, फक्त काम जपून प्रोग्राम पुन्हा सुरू करण्याचा सावध सल्ला देते. पण वेगळ्या प्रोसेसला दुसऱ्याची मेमरी दिसत नाही. ३५ एमबीचे चित्र पलीकडे पाठवायचे तर एकाचे दोन व्हावे लागते. हा दुहेरी खर्च टाळण्यासाठी चित्राचे लहान लहान चौकोनी तुकडे करून ते दोघांनाही दिसतील अशा सामायिक मेमरीतून द्यावे लागतात. त्याने जागा वाचते, पण तुकडे नेण्या-आणण्यात वेळ जातो.

मधला मार्गही आहे. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या प्रोग्रामरांच्या संपादकात सगळी एक्स्टेन्शने, म्हणजे तिथली प्लगइने, मुख्य खिडकीपासून वेगळ्या अशा एका सामायिक प्रोसेसमध्ये राहतात. एखादे बिघडले तर त्याच्या शेजारच्या एक्स्टेन्शनांना त्रास होतो, टायपिंग मात्र चालू राहते. आणि कोणत्या घटनेला जागे व्हायचे हे प्रत्येक एक्स्टेन्शनने आधी लिहून द्यायचे असते. पायथनची फाइल उघडलीच नाही, तर पायथनचे एक्स्टेन्शन झोपलेले राहते. ही कल्पना २००१पासूनच्या एक्लिप्स या प्रोग्रामरांच्याच साधनात ठळकपणे रुजली. सुरुवातीला फक्त प्लगइनची ओळखपत्रे वाचायची, त्याचा कोड पहिल्यांदा काम पडेल तेव्हाच आत घ्यायचा. शेकडो प्लगइन असूनही एक्लिप्स सुरू होऊ शकते ते या आळसाच्या जोरावर.

४ जीबीची भिंत

नेहरू प्लेसहून आणलेली रॅम कधीकाळी चक्क निरुपयोगी ठरायची. ३२-बिट प्रोग्रामला मेमरीचे पत्ते मोजायला ३२ बिट मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, अर्थात ४ जीबी. विंडोजवर त्यातले साधारण २ जीबीच प्रोग्रामच्या वाट्याला येत, खास सोय करून घेतली तर थोडे अधिक. मशीनमध्ये ८ जीबी असले तरी ३२-बिट प्रोग्रामला त्या भिंतीपलीकडे जाता येत नसे.

प्लगइनांनी ही अडचण आणखी बिकट केली. प्रत्येक प्लगइनची फाइल त्या पत्त्यांच्या पट्ट्यात कुठेतरी जाऊन बसे. अशा पन्नास फाइली विखुरल्या की एकूण मोकळी जागा भरपूर दिसे, पण मोठ्या चित्राला लागणारा सलग तुकडा सापडत नसे. दोन-तीनच प्लगइने काढून टाकल्यावर एखादे मशीन सुरळीत चालू लागण्यामागे पुष्कळदा हे कारण असे.

फोटोशॉपने विंडोजवर ही भिंत २००८च्या सीएस-फोरमध्ये ओलांडली, मॅकवर २०१०च्या सीएस-फाइव्हमध्ये. इनडिझाइन ६४-बिट झाले ते २०१३मध्ये. पण ६४-बिट प्रोग्राममध्ये ३२-बिट प्लगइन चढत नाही. लिहिणारी कंपनी बंद पडलेली असेल तर ते प्लगइन गेलेच. म्हणून ६४-बिट विंडोजवर सीएस-फोर बसवताना अडोबी दोन्ही आवृत्त्या देत असे, आणि एखाद्या जुन्या प्लगइनवर हात बसलेले लोक मुद्दाम ३२-बिट आवृत्ती उघडत. शिवाय ६४-बिट प्रोग्राममध्ये पत्त्याची प्रत्येक नोंद ४ ऐवजी ८ बाइटांची झाली. माहितीचे लहान लहान तुकडे पत्त्यांनी जोडून ठेवणारी प्लगइने त्यामुळे आपोआप जाड झाली.

पसारा न आवरणारे

मेमरी घेणे वेगळे आणि काम संपल्यावर धरून ठेवणे वेगळे. या दुसऱ्या रोगाचा सर्वांत कसोशीचा अभ्यास फायरफॉक्स ब्राउझरच्या बाबतीत झाला. २०११मध्ये तो बनवणाऱ्या मोझिलाच्या निकोलस नेदरकोट यांनी मेमश्रिंक ही मोहीम सुरू केली. फायरफॉक्स मेमरी खातो ही तक्रार जुनी होती. शोध घेता दिसले की बंद केलेल्या पानांची मेमरी पुष्कळदा ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरचे जोडभाग, धरून बसतात. ॲड-ऑनमध्ये त्या पानाचा एक धागा राहून गेला, की सारे पान मेमरीत अडकते. ऑगस्ट २०१२च्या फायरफॉक्स १५मध्ये उपाय झाला : पान बंद होताच ॲड-ऑनकडे गेलेले धागे ब्राउझरने स्वतःच तोडायचे. हजारो ॲड-ऑनच्या लेखकांना शिस्त लावण्यापेक्षा घरमालकाने नियम बदलणे परिणामकारक ठरले.

दुसरी गोष्ट ॲडब्लॉक प्लसची. जाहिराती अडवणारे हे ॲड-ऑन अतिशय लोकप्रिय होते. जाहिराती गेल्या की पाने हलकी होतील, असा लोकांचा समज. २०१४मध्ये नेदरकोट यांनी मोजमाप मांडले : ते नुसते चालू ठेवले तरी सुमारे ६० ते ७० एमबी जात, आणि पानातल्या प्रत्येक आतल्या चौकटीमागे आणखी सुमारे ४ एमबी. जाहिराती लपवण्याची हजारो नियमांची तीच यादी प्रत्येक चौकटीसाठी नव्याने तयार होत होती. पुढच्या वर्षी फायरफॉक्स ४१ने ती एकदाच तयार करून सगळ्यांत वाटायला सुरुवात केली, आणि वापरणाऱ्याला काही न करता शेकडो एमबी परत मिळाले.

तीन बटणांसाठी एक ब्राउझर

डीटीपीच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडून यादी खाली सरकवली, तर बऱ्याचदा 'सीईपी एचटीएमएल इंजिन' अशी नावे एकापेक्षा अधिक वेळा दिसतात. इनडिझाइन, फोटोशॉपमधली कित्येक पॅनेल अडोबीच्या सीईपी या व्यवस्थेवर बांधलेली आहेत. वेबपान लिहिता येणाऱ्या कोणालाही पॅनेल बनवता यावे, म्हणून तिच्यात क्रोमियम ब्राउझरच आत बसवला गेला. प्लगइन लिहिणाऱ्यांचे काम कमालीचे सोपे झाले. मात्र तीन बटणांच्या पॅनेलसाठीही वापरणाऱ्याच्या मशीनवर ब्राउझर जागा होतो. लेखकाचे श्रम वाचले, ते ऑपरेटरच्या रॅममधून वळते झाले.

अडोबीने आता यूएक्सपी ही नवी व्यवस्था आणली आहे. तिच्यात पूर्ण ब्राउझर नाही. जावास्क्रिप्ट चालवणारे इंजिन आहे आणि बटणे, याद्या यांसाठी प्रोग्रामचेच घटक वापरले जातात. वेबचे सगळे लाड तिथे चालत नाहीत, आणि जुनी पॅनेल नव्याने लिहावी लागतात. २०२०च्या अखेरीस ती फोटोशॉपमध्ये आली आणि त्यानंतर इनडिझाइनमध्ये. दोन्ही व्यवस्था काही काळ सोबत चालत असल्याने संक्रमणात मशीनवर दोन्हींचा भार पडू शकतो.

इनडिझाइनसाठी अडोबी किमान ८ जीबी आणि शिफारस म्हणून १६ जीबी रॅम सांगते. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून जगभर रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे 'अजून एक पट्टी टाका' हे उत्तर महाग झाले आहे. लहान डीटीपी केंद्राला यातून मार्ग काढायचा तर आधी हिशोब मांडावा. कोणतेही प्लगइन चालू नसताना तीच फाइल उघडून मेमरीचा आकडा लिहून घ्यावा, मग एकेक प्लगइन सुरू करून फरक पाहावा, आणि फाइल बंद केल्यावर आकडा खाली येतो का तेही तपासावे. जे प्लगइन फाइल बंद झाल्यावरही जागा सोडत नाही, त्याच्या निर्मात्याला हे आकडे कळवावेत, कारण नेमक्या मोजमापाशिवाय गळती दुरुस्त होत नाही. आणि काढून टाकण्याआधी एक गोष्ट पाहावी : जुन्या फाइलींत त्या प्लगइनने काही साठवले आहे का. साठवले असेल, तर ते नसलेल्या मशीनवर फाइल उघडताना इनडिझाइन हरवलेल्या प्लगइनची सूचना दाखवते, आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची वेळ येईल तेव्हा त्याच जोडभागाची पुन्हा गरज पडते.